भावकीचं कार्ड

सगळ्यात आधी पुष्पलतेची नणंद रुपी आली, आणि पायातली चप्पल काढायच्या आतच तिनं सांगून टाकलं की कार्ड तिनं कोंबडीसकट परत केलं होतं.

"तलंग होती, वहिनी. अंड्यावर आलेली. तू खाल्लीस ना? मग झाला तर!"

पुष्पलता ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. खाल्ली होती, त्यात नाकारायचं काय? रस्सा झणझणीत झाला होता आणि मुलानं, रूपेशनं, बोटं चाटली होती. "खाल्ली," ती म्हणाली. "पण कोर्टात कोंबडी चालते का ते वकिलाला विचारू. येतोय तो अकरापर्यंत."

"वकील लावलास?" रुपी मटकन खाली बसली. "त्याचे पैसे कोण देल?"

वकील पुष्पलतेनं लावला नव्हता, विधी सेवा समितीनं फुकट दिला होता. पण रुपीला हे कळायला दोन वेळा सांगावं लागलं, आणि फुकट या शब्दावर तिचा विश्वास तिसऱ्या वेळेलाही बसला नाही. दाभोशाच्या, घरची भाड्याची जीप असलेल्या बाईला टपावर बसायचंसुद्धा भाडं ठाऊक. तिला फुकट वकील कसा पटावा!

झालं होतं असं. मंगळवारी अंगणवाडीत पोरांची वजनं चालली होती. काट्याच्या झोळीत सुकरीचं धाकटं लोंबकळत होतं, तेवढ्यात दारात बेलिफ उभा राहिला. पोरांना वाटलं सुई टोचणारा आला. एकानं भोकाड पसरलं, मग सगळ्यांनीच पसरलं, आणि त्या कल्लोळात पुष्पलतेनं जव्हारच्या कोर्टाच्या समन्सावर सही केली. क्रेडिट कार्डाचे एक लाख तेवीस हजार थकले म्हणून बँकेनं तिच्यावर दावा लावला होता. तिचं मानधन महिन्याला तेरा हजार, तेही येईल तेव्हा खरं.

पुढच्या महिनाअखेरीस ती अंगणवाडीतून निवृत्त होणार होती. तेव्हा लाखभर रुपये एकदम हातात यायचे होते, आणि त्यांची सोय तिनं कधीच लावून ठेवली होती. जव्हारला एका दुकानात तिनं नागली दळायची गिरणी हेरली होती, जुनी पण दणकट. पोशेऱ्याच्या, म्हणजे तिच्या गावच्या, पाड्यांवरच्या बाया दळण घेऊन जीपनं मोखाड्याला जायच्या, आणि दळणावळीपेक्षा जीपचं भाडं जास्त व्हायचं. नवरा, कान्हा, जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हातारपणी मुलाच्या खिशाकडे बघत बसायचं नाही, हे तिनं कान्हाच्या दिवसकार्यालाच ठरवून टाकलं होतं. आता बँक म्हणत होती, लाख इकडे द्या, वर तेवीस हजारही द्या.

बरं, कार्ड तरी तिनं हौसेनं घेतलं होतं का? छे! चार वर्षांपूर्वी मोखाड्याच्या बाजारात बँकेची छत्री लागली होती, आणि छत्रीखाली टाय लावलेला एक पोरगा घामानं निथळत उभा होता. सकाळपासून पोटात काही नाही, आणि एक फॉर्म कमी पडतोय, असं तो म्हणाला. पुष्पलतेनं आयुष्यभर उपाशी पोरांना खिचडी वाढली होती. तिनं त्याला दोन वडापाव दिले आणि एक सही दिली. वडापाव त्यानं तिथंच संपवले. कार्ड महिन्याभरानं पोस्टानं आलं.

आता ते घरात आलं म्हटल्यावर ते काय आहे हे ठरवणं भाग होतं, आणि ते ठरवलं तिच्या सासऱ्यानं, पोश्याबाबानं. त्याच्या माळ्यावर भावकीचे टोप असायचे. शंभर माणसाचा भात शिजेल असे तीन टोप, दोन हंडे आणि हातभर लांब पळे. लग्न असो, बारसं असो, भावकीतल्या कोणीही यावं आणि न्यावेत. कशाला हवेत हे विचारायचं नाही. परत करताना घासून-पुसून आणायचे, आणि रिकामे आणायचे नाहीत, मूठभर तांदूळ तरी आत टाकायचे. आणि ज्याच्याकडे शेवटचा टोप होता, त्यानं पोचा काढून द्यायचा. पोश्याबाबानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "एका घराचा काम नाय हा. भावकीत फिरू दे."

आणि फिरलं की ते! दाभोशाला गेलं, मोखाड्याला गेलं, भिवंडीला गेलं. प्रत्येकानं ते फडक्यानं पुसून परत आणलं. कोणी कोंबडी दिली, कोणी पायलीभर वरई, कोणी आंब्यांची टोपली. पुष्पलता दर महिन्याला बँकेत जाऊन मोबाईलवर यायचा तेवढा आकडा भरायची, कमीत कमी भरा म्हणायचे तेवढा. तिला वाटायचं ते कार्डाचं भाडं आहे. मग मागल्या वर्षी मानधन पाच महिने आलं नाही, आणि भाडं थांबलं.

अकराच्या सुमारास सुदर्शन आणि नीता आले. सुदर्शन म्हणजे तिचा धाकटा दीर, मोखाड्याला पंचायत समितीत लिपिक. रविवारच्या दिवशीही त्याच्या काखेत फाईल होती. त्याची बायको नीता जव्हारला शिक्षिका. तिनं आल्या आल्या ओढणीनं वारा घेतला आणि म्हणाली, "ताई, किती हो चढण तुमच्या घराची! दम लागला."

"तुला दम लागतोय, तिथं भाताच्या गोणी चढवतात बाया," रुपी म्हणाली.

"मी फक्त सांगितलं, रुपीताई."

"मी पण फक्त सांगितला."

सुदर्शननं दोघींच्या मधून वाट काढली आणि बाबांच्या पाया पडला. पोश्याबाबा खाटेवर पाय दुमडून बसला होता, ऐंशी वर्षांचा, ताठ, आणि तोंडभर पांढरेशुभ्र दात. भिवंडीच्या गोडाऊनमधून सुट्टी टाकून आलेला रूपेश त्याच्या पायाशी बसून मोबाईल बघत होता. हा पुष्पलतेचा एकुलता एक. आईवर कोर्टाची पाळी आली म्हणून तो काल रात्रीच्या एस.टी.नं आला होता. आल्यावर त्यानं आईला काहीच विचारलं नव्हतं, यावरून ती काय ते समजली होती.

"बसा सगळे," पोश्याबाबा म्हणाला. "भावकीची वस्तू, भावकीत बोलायचा. पोचा पडला हाय. शेवटी कोणाकडं होता?"

"रुपीकडे," सुदर्शन म्हणाला.

"दादाकडं," रुपी त्याच क्षणी म्हणाली.

"रुपी, तू जीपचे टायर घेतलेस हे सगळ्या दाभोशाला माहीत आहे."

"घेतले! लपवून घेतले का? त्या टायरांवर बसून तू किती वेळा फुकट आलास, सांग! आणि मी परत केला तेव्हा कार्ड चांगला होता. वहिनीनं हातात घेऊन बघितला. कोंबडी पण बघितली."

"आत्या, टेन्शन नको घेऊ," रूपेश मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाला. "सगळा ऑनलाइन दिसतो आता. कोणी काय घेतला ते."

यावर अंगणात जे झालं ते पुष्पलतेनं नीट पाहून घेतलं. नीता ओढणीनं वारा घ्यायची थांबली. सुदर्शननं फाईलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. आणि पोश्याबाबाला एकाएकी खोकला आला. अरे वा, तिच्या मनात आलं, म्हणजे टोप बऱ्याच घरी जाऊन आला म्हणायचा.

तेवढ्यात वकील आला. कमलेश त्याचं नाव, सत्तावीस-अठ्ठावीसचा, मोटारसायकलच्या धुरळ्यानं भुवया लाल झालेल्या. पुष्पलतेनं पाणी दिलं, मग चहा दिला. त्यानं फाईल मांडीवर घेतली आणि आपण कुठल्या मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालतोय याची काहीच कल्पना नसल्यासारखा आनंदानं म्हणाला, "मावशी, बँकेनं दाव्याला खरेदीची यादी जोडलीये. वाचू?"

"कशाला उगीच," नीता म्हणाली. "उन्हाचे आलात, आधी जेवून घ्या."

"वाचा," पुष्पलता म्हणाली.

"टायर, दोन नग, बारा हजार."

"बोलले मी," रुपी म्हणाली.

"मोबाईल, अकरा हजार."

रूपेशनं हातातला मोबाईल हळूच मांडीखाली सरकवला. पुष्पलतेनं त्याच्याकडे पाहिलं. "आये, तेव्हा सांगणारच होतो," तो म्हणाला, "पण तू वरईची खीर करत होतीस." वरई त्यानंच आणली होती. तिला त्या क्षणी त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला, आणि वकील बसलाय म्हणून तिनं नुसता हात आवरला.

"ट्रेडमिल," कमलेशनं वाचलं. "एकोणीस हजार."

"ती काय असते?" रुपीनं विचारलं.

"चालायचं मशीन. घरातल्या घरात चालायचं."

रुपीनं एकदा समोरच्या डोंगराकडे पाहिलं, मग पाड्याच्या चढणीकडे, मग त्या चढणीवरून डोक्यावर पाण्याचे दोन हंडे घेऊन येणाऱ्या शेजारच्या कोंडीकडे. "मोखाड्यात?" ती म्हणाली. "चालायला मशीन? मोखाड्यात?"

सुदर्शनचा चेहरा उतरला होता. "नीता," तो हळू आवाजात म्हणाला, "ते तर तुझ्या आईनं दिलं होतं ना?"

"आईनं द्यावं असं मला वाटत होतं."

"मी सासूबाईंना फोन करून आभार मानले! त्या म्हणाल्या, कसले आभार? मला वाटलं, केवढा मोठेपणा!"

रुपी उठली आणि सरळ भावाच्या शेजारी जाऊन बसली. दहा मिनिटांपूर्वी त्याच्या नावानं बोटं मोडणारी ती आता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दादा, तुला फसवला रे! पाणी पितोस का?"

"मी कुणासाठी घेतलं?" नीता कडाडली. "डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलं होतं. हे रस्त्यावर चालायला लाजतात, लोक म्हणतील सायेब पायी निघाले! एक दिवस चालले हो त्यावर. एकच दिवस! आता त्यावर ह्यांचे टॉवेल वाळतात."

"तू पण चालली नाहीस."

"मी दिवसभर वर्गात उभी असते!"

पुष्पलतेला हसू आवरेना. एक लाखाचा दावा डोक्यावर, आणि तिला तो टॉवेल दिसत होता. ती तोंडाला पदर लावून बसली. पोश्याबाबानं मात्र काठी आपटली. "लाज नाय तुम्हाला! आमच्या वेळी टोप नेला तर माणूस मान खाली घालून नेयाचा. गरज हाय तेवढाच नेयाचा. तुम्ही चालाया मशीन घेतलास, बोलाया मशीन घेतलास. लबाडी शिकलास सगळे. मना सांगा, असा मी कधी..."

"आणि शेवटची नोंद," कमलेश म्हणाला, "दंतचिकित्सालय, नाशिक. आठ हजार."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. रुपीनं जिभेनं स्वतःचे दात मोजले. मग एकेकाची नजर फिरत फिरत खाटेवर आली आणि तिथंच थांबली. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडात दुधासारखे पांढरे दात कुठून आले, हे आजवर कोणाच्याही मनात आलं नव्हतं. देवानं दिले असं धरून सगळे चालले होते.

"बाबा?" पुष्पलता म्हणाली.

"आजोबा बोलले कोणाला सांगू नको," रूपेश पुटपुटला. "मीच नेलेला नाशिकला."

पोश्याबाबानं कोणाकडेही पाहिलं नाही. दोन बोटं तोंडात घातली, वरची कवळी काढली, खालची काढली, आणि समन्साच्या कागदावर दोन्ही नीट जोडून ठेवल्या. "हा माधा वाता," तो म्हणाला. गाल आत बसले होते आणि डोळे भरून आले होते. "मतन खायाचा होता. कान्हाच्या वलसाच्या जेवनाला सगल्यांनी खाल्ला, मी लस्सा प्यालो. नेऊन दे बँकेला."

आता यावर रडायचं की हसायचं! रुपी हसता हसता रडली, नीतानं रडता रडता नाक पुसलं, आणि कमलेश वकिलानं ते दात कागदावरून उचलावेत की ते पुरावा म्हणून राहू द्यावेत हे न कळून पेन बंद केलं. पुष्पलतेनं उठून दात पाण्यानं धुतले आणि सासऱ्याच्या हातात दिले. "घाला आधी," ती म्हणाली. "बँक काय करील त्यांचा? भाकर चावायला तुम्हालाच लागतील."

मग कमलेशनं कायदा सांगितला. टायर कोणाचे, दात कोणाचे, याच्याशी कोर्टाला देणंघेणं नाही. कार्डावर नाव पुष्पलताबाईंचं, सही पुष्पलताबाईंची, तर देणेकरी पुष्पलताबाई. पण येत्या शनिवारी जव्हारला लोकअदालत आहे. तो बँकेच्या माणसाशी बोललाय. मावशींचं उत्पन्न बघता बँक व्याज, दंड सगळं सोडून पंचेचाळीस हजारांवर तडजोड करायला तयार आहे. अट एकच, सगळे पैसे त्याच दिवशी, एकदम. नाही जमलं तर दावा पुढे चालणार.

अंगणात सुटकेचा असा काही सुस्कारा निघाला की जणू पंचेचाळीस हजार म्हणजे पंचेचाळीस रुपये.

"मग प्रश्नच मिटला," सुदर्शन म्हणाला. त्याची फाईल आता पूर्ण उघडली होती. "वहिनींची एकरकमी रक्कम पुढच्या महिन्यात येतेच आहे. देवानंच वेळ साधली म्हणायची. तोवर शनिवारपुरते मी वहिनींना हातउसने देतो. काय? घरातलीच गोष्ट आहे. पुढच्या महिन्यात त्यांनी मला परत करायचे."

पुष्पलतेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बायकोच्या मशीनचे पैसे हा माणूस तिला उसने देणार होता!

"आणि वहिनीनं एकटीनं जावा कोर्टात," रुपी म्हणाली. ती अजून भावाच्या शेजारीच होती. "बाई एकटी दिसली तर सायेबांना दया येते."

"हो ताई, साडी जरा साधी नेसा," नीता म्हणाली. ती आता नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली होती.

तिघं एका ओळीत. मघाशी एकमेकांचे गळे धरायला निघालेली ही माणसं बघता बघता एक झाली होती, आणि एक होऊन तिच्याकडे बघत होती, मायेनं बघत होती. हेच तिला जास्त लागलं. रूपेशनं तोंड उघडलं, "पण आयेची गिरणी..." आणि आत्यानं डोळे वटारल्यावर मिटलं.

"गिरणी काय पळून जाते का?" सुदर्शन म्हणाला.

पुष्पलता उठली. तिला रडू यायच्या बेतात होतं, आणि या लोकांसमोर तिला रडायचं नव्हतं. ती घरात गेली, शिडी चढून माळ्यावर गेली. तीन टोप पालथे घातलेले होते. तिनं खुंटीचं कुलूप काढलं, माळ्याचं दार ओढून घेतलं, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून बाहेर आली.

"रुपीबाय, पोरीची हळद कधी?"

"पुढल्या सोमवारी. माहीत नाय का तुला? टोप न्यायला उद्याच जीप पाठवते."

"नको पाठवूस. आणि भावजी, तुमच्या नव्या घराची पूजा?"

"त्याच आठवड्यात," सुदर्शन म्हणाला. त्याच्या लक्षात यायला लागलं होतं.

"टोप मिळायचे नाहीत. एका टोपाला पोचा पडलाय, तो निघाल्याशिवाय दुसरा माळ्यावरून उतरायचा नाय. कार्ड भावकीचा टोप आहे असं बाबा बोलले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आता टोपाचा कायदा घ्या. शनिवारी सगळे जव्हारला यायचं. आपापला वाटा घेऊन."

"आम्ही मंडपवाल्याकडून भाड्यानं आणू," सुदर्शन म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"आणा."

भाड्याचे टोप! वर नाव रंगवलेले, मंडपवाल्याचा फोन नंबर घातलेले टोप दाभोशाला हळदीत चुलीवर चढले, तर भावकी फुटली हे सगळ्या जव्हार तालुक्याला जेवणाच्या पंगतीत कळणार होतं. रुपीच्या व्याह्यांना आधी कळलं असतं.

"वहिनी, तू असा करशील असा वाटला नव्हता," रुपी म्हणाली.

"मला पण," पुष्पलता म्हणाली, आणि ते खरं होतं.

"बलोबल बोलली," खाटेवरून आवाज आला. पोश्याबाबानं दात अजून हातातच धरले होते. "दोन शेल्या विकतो मी."

शनिवारी जव्हारच्या कोर्टाच्या आवारात मांडव घातला होता आणि लोकअदालतीला लग्नासारखी गर्दी लोटली होती. रुपीची जीप नव्या टायरांनिशी फाटकाशी उभी होती. पुष्पलतेनं साधी साडी नेसली नव्हती. तिनं हिरवी, काठाची नेसली होती, कारण कोर्टातून ती सरळ गिरणीच्या दुकानात जाणार होती. दुकानदारानं शनिवारपर्यंतच थांबतो म्हणून सांगितलं होतं. बयाण्याचे दहा हजार, वर्षभर साठवलेले, तिच्या पर्समध्ये होते.

पॅनेलवर एक न्यायाधीश मॅडम होत्या. त्यांनी पुष्पलतेच्या मागे उभी असलेली रांग पाहिली. "हे सगळे कोण?"

"भावकी, मॅडम," पुष्पलता म्हणाली.

"प्रतिवादी एकच आहे ना?"

"सही माझी एकटीची, मॅडम. कार्ड सगळ्यांनी वापरलं."

मॅडमनी कमलेशकडे पाहिलं. कमलेशनं मान डोलावली, म्हणजे अशिलाची बाजू त्याला मान्य होती, पण तपशिलात कोणी जाऊ नये असं त्याला वाटत होतं.

बँकेचा अधिकारी पावतीपुस्तक घेऊन टेबलाशी बसला. सुदर्शननं फाईलमधून एक टाईप केलेला कागद काढला. "समान वाटणीचा प्रस्ताव," तो म्हणाला. "पाच वाटे. प्रत्येकी नऊ हजार. कोणावर अन्याय नको." मशीनच्या एकोणीस हजारांचे नऊ झाले होते, आणि अन्याय झाला नव्हता.

रुपीनं पदराच्या गाठीतून नऊ हजार काढले, दहा-दहाच्या नोटांसकट. जीपचा सगळा आठवडा त्यात होता. रूपेशनं ते मोजून घेतले आणि स्वतःचे नऊ त्यावर ठेवले. पगाराची उचल घेतली होती त्यानं, आईला न सांगता, आणि यावेळी तिनं ते लपवणं मनातल्या मनात माफ केलं. पोश्याबाबानं शेळ्यांचे नऊ ठेवले. दात तोंडात होते आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. सुदर्शननं पाकिटात नऊ हजार मोजून भरून आणले होते, ते ठेवले.

अधिकाऱ्यानं पुन्हा मोजलं. "छत्तीस," तो म्हणाला. "नऊ कमी आहेत."

"पाचवा वाटा वहिनींचा," सुदर्शन म्हणाला.

सगळ्यांनी पुष्पलतेकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या पर्सकडे पाहिलं. पर्स फुगलेली होती, हे न दिसण्याइतकं कोणीच आंधळं नव्हतं.

आयुष्यभर हात असाच पुढं गेला होता. घरात मटण शिजलं की सगळ्यांना वाढून तळाचा रस्सा तिनं घेतला होता. दिराच्या परीक्षेची फी, नणंदेच्या लग्नाची पोलकी, सासऱ्याचं औषधपाणी, कोणी मागायच्या आधी तिचा हात पिशवीत जायचा. आताही उजवा हात पर्सच्या चेनकडे निघाला होता. तिनं त्याच्यावर डावा हात ठेवला आणि दाबून धरला.

"मी काय घेतलं त्या कार्डावर?" ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"तसं नाही वहिनी, समान..."

"काय घेतलं मी? यादी आहे ना तिथं? वाचा, भावजी. तुम्ही वाचा."

सुदर्शननं यादी हातात घेतली. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. मागं लाऊडस्पीकरवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं. अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. "मॅडम, आज पूर्ण रक्कम नसेल तर तडजोड होणार नाही," तो न्यायाधीशांना म्हणाला. दावा पुढे गेला तर लाख जाणार होते, तेही तिचेच. तरीही हात तिनं सोडला नाही.

रुपीनं कोपरानं नीताला ढोसलं. नीतानं तिकडे पाहिलं नाही. रुपीनं पुन्हा ढोसलं, जरा जोरात. "अगं, किती उभा करशील तिला!" ती पुटपुटली, आणि हे रुपीनं म्हणावं याचं पुष्पलतेला त्या घाईतही नवल वाटलं.

नीताचा चेहरा लाल झाला होता. तिच्या शाळेतल्या दोघी पालक मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. तिनं मोबाईल काढला. "स्कॅनर आहे का तुमच्याकडे?" तिनं अधिकाऱ्याला विचारलं. "एकोणीस हजारांचं मशीन माझंच होतं. ह्यांनी नऊ दिले, नऊ मी देते."

"आणि वरचे एक हजार?" सुदर्शन सवयीनं म्हणून गेला.

"तुम्ही गप्प बसा."

पैसे गेल्याचा आवाज मोबाईलमधून आला. अधिकाऱ्यानं पावती फाडली. न्यायाधीश मॅडमनी निवाड्याचा कागद पुष्पलतेपुढे सरकवला आणि बोटानं जागा दाखवली. पुष्पलतेनं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, काना-मात्रा न गाळता. मग कनवटीची किल्ली काढून रुपीच्या हातात दिली.

रुपीनं वहिनीच्या खांद्याला डोकं लावलं आणि तिथंच, अख्ख्या कोर्टासमोर, हमसून हमसून रडली. पोरीच्या हळदीत आता टोप येणार होते.

बाहेर सगळे चहाला गेले. पुष्पलता एकटीच फाटकाकडे वळली, तर कमलेश मागून धावत आला.

"मावशी, एक विचारू? मघाशी त्या बाईंनी पैसे काढले नसते तर तडजोड मोडली असती. माझा तर जीव वर गेला होता. तुमच्या पर्समध्ये खरंच नव्हते पैसे?"

"होते की," पुष्पलता म्हणाली. "पण ते माझे होते."

आणि ती गिरणीच्या दुकानाकडे चालू लागली.